डावं-उजवं

मास्तरांनी जुन्या बनियनची चिंधी तर्जनीला गुंडाळली, डब्याच्या तळाशी उरलेलं पॉलिशचं कंपाउंड खरवडून घेतलं आणि गाडीच्या डावीकडच्या मागच्या दारावरचा ओरखडा पुन्हा घासायला घेतला. पन्नास वेळा पुढे, पन्नास वेळा मागे. मग पत्र्यावर पालथा हात. पत्रा गरम लागला की थांबायचं, नाहीतर रंग निघून खालचं अस्तर दिसायला लागतं. हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिसऱ्या फेरीला ते थांबले नाहीत.

ओरखडा हातभर लांब होता. गाडी गडद निळी आणि ओरखडा हिरवा. नुसता निळा रंग खरवडला असता तर एक वेळ चाललं असतं. पण त्या रेघेत दुसऱ्याच कुठल्यातरी वस्तूचा रंग बसला होता, आणि ती वस्तू कोणती हे मास्तरांना माहीत नव्हतं.

लेक चारच्या बसनं येणार होती. तिच्याकडे स्वतःची गाडी आहे, ती चालवतेही उत्तम, शिकवली कोणी? तरीही आज ती बसनं येणार. बसनं येणारा माणूस बसनंच परत जातो असा काही नियम नाही, एवढं मास्तरांना कळत होतं.

महिन्यापूर्वी पुढच्या बंपरचा पोचा आणि तुटलेला डावा आरसा बघून ती याच जागी उभी राहून म्हणाली होती, "बाबा, आता एक जरी नवा ओरखडा दिसला तर किल्ली मी नेणार. आणि किल्ली नेली की तुम्हा दोघांनाही नेणार. इथं गाडीशिवाय तुम्ही राहणार कसे?"

यात खोटं काहीच नव्हतं. घर वस्तीच्या टोकाला. बाजार, दवाखाना, बायकोच्या गुडघ्यांच्या व्यायामाचं केंद्र, सगळं चार किलोमीटर पलीकडे. गाडी गेली की घर गेलं, घर गेलं की लेकीच्या तिसऱ्या मजल्यावरची मधली खोली. तिथं मास्तर एकदा आठ दिवस राहून आले होते. सगळ्यांनी फार चांगलं वागवलं. कोणी चांगलं वागवतंय हे दिवसातून किती वेळा लक्षात येतं, याची त्यांनी तिथं नोंद ठेवली होती. ती नोंद भरल्यावर ते परत आले.

"मास्तर, नवरी कुठल्या गावी द्यायची आहे?"

समोरच्या घराच्या ओट्यावर शिंपी मशीन घेऊन बसत असे. त्याची शिलाई बारीक होती आणि नजर त्याहून बारीक. दिवसाला तीन सदरे आणि तेरा माणसं त्याच्या हाताखालून जात.

"लेक येतेय," मास्तर म्हणाले.

"मग लेकीला काहीतरी खायला करा. गाडीला कशाला पावडर-टिकली?"

"तू तुझी सुई सांभाळ."

"माझी सुई सरळ चालते हो. चालली नाही की गिऱ्हाईक सांगतं. तुमच्या गाडीचं कोण सांगणार?"

मास्तर पुन्हा दाराकडे वळले. सांगितलं होतं ते शिंप्यानंच. मंगळवारी मास्तर बायकोचं मलम घेऊन आले, गाडी लावून उतरले, तेव्हा हा ओट्यावरून उठून आला होता. "मास्तर, हे काय लागलं?" "कुठं?" "हे काय, दाराला." "कुठं रे?" शेवटी शिंप्यानं त्यांचा हात धरून बोट ओरखड्यावर टेकवलं होतं. मग दिसला. उन्हाची तिरीप होती, असं मास्तरांनी स्वतःला सांगितलं. ऊन त्या दिवशी नव्हतंच म्हणा, पण सांगताना ते आड आलं नाही.

खरी भीती ओरखड्याची नव्हती. अठ्ठावीस वर्षं गाडी शिकवण्यात गेलेल्या माणसाला ओरखड्याचं काय? त्यांच्या हाताखाली अर्धी वस्ती गाडी शिकली. कोणी खांबाला दिली, कोणी गटारात घातली, एका हेडमास्तरांनी तर पहिल्याच दिवशी दूधवाल्याच्या अंगणात नेऊन उभी केली. पण प्रत्येकाला आपण कुठं आपटलो हे माहीत होतं. मास्तरांना माहीत नव्हतं. आवाज नाही, धक्का नाही. हातभर ओरखडा पडेपर्यंत गाडी कशाला तरी घासत गेली आणि चालवणारा मलमाची ट्यूब खिशात आहे ना, एवढंच चाचपत होता.

चार दिवस त्यांनी मलमाच्या दुकानापर्यंतचा रस्ता मनात चालून पाहिला होता. वाटेत हिरवं काय काय? पाण्याचा टँकर. लाकडाच्या वखारीचं फाटक. बसथांब्यावरचं बाकडं. आणि शाळेपुढचा लोखंडी कठडा, ज्याला टेकून दुपारी मुलं उभी असतात. चौघांना समोर उभं करून मास्तरांनी बाकडं पक्कं केलं. माणसाला हिरव्यातला हिरवा निवडायची वेळ आली की तो स्वतःला सोसेल असाच निवडतो.

"अहो, जेवून घ्या. दीड वाजला."

दारात बायको काठी टेकून उभी होती. गल्लीभर तिला वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटं तुम्ही अकरापासून मागताय."

मास्तर जेवायला बसले ते अर्धं लक्ष घड्याळाकडे ठेवून. भराभर चार घास खाल्ले. ताटाच्या उजव्या बाजूचा भात संपला, त्यालगतची आमटी संपली, आणि त्यांनी हात आखडता घेतला. "भाजी केलीच नाहीस आज?"

वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि सरकवता सरकवता ताट अर्धं फिरवलं. डावीकडची भाजी उजवीकडे आली.

"अरे, आहे की," म्हणत मास्तर जेवू लागले.

हे तीन महिने चाललं होतं. तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी चहाचा कप मास्तरांच्या डाव्या हातातून निसटला, तोंड जरासं वाकडं झालं, आणि तासाभरात सगळं होतं तसं झालं. मास्तर म्हणाले, झोप झाली नव्हती. वहिनींनी मान्य केलं. संसारात काही गोष्टी पटल्या नाहीत तरी मान्य करून ठेवाव्या लागतात. लेकीला सांगायचं नाही हेही तेव्हाच ठरलं. ठरवलं त्यांनी, पाळलं हिनं. आरसा तुटला, बंपर चेपला, तेव्हाही पाळलं.

तेव्हापासून गाडीत त्यांच्या डावीकडे बसून वहिनी सारख्या बोलत. "सायकलवाला आहे हं." "म्हैस आहे." "जरा उजवीकडे घ्या, मुलं आहेत." मास्तर वैतागत. "दिसतंय मला. मी गाडी शिकवत होतो तेव्हा तू स्टो पेटवायला शिकत होतीस." वहिनी म्हणत, "बरं," आणि पुढच्या वळणाला पुन्हा बोलत. फक्त मंगळवारी त्यांचे गुडघे धरले होते आणि मास्तर एकटे गेले होते.

दोन वाजता मास्तरांनी मेणाचा डबा उघडला.

मेणाचं काम घाईचं नाही, आणि मास्तरांकडे तर फक्त घाईच होती. गाडी सावलीत हवी. ती त्यांनी जांभळाखाली ढकलून घेतली. मेणाचा पातळ हात द्यायचा, जाड दिला की पुसताना जीव जातो. पाच-दहा मिनिटं वाळू द्यायचं. वाळलं की ते पांढरं पडतं, काच धुक्यानं भरावी तसं. बोट ओढून बघायचं, रेघ स्वच्छ उमटली की मऊ फडक्यानं पुसायचं, मग खालून रंग वर येतो. फडकं जमिनीवर पडलं की ते फडकं बाद. मातीचा एक कण सगळ्या मेहनतीवर रेघ ओढतो. मास्तरांचं फडकं दोनदा पडलं. पहिल्यांदा त्यांनी नवं घेतलं. दुसऱ्यांदा इकडंतिकडं बघितलं आणि झटकून तेच वापरलं.

बॉनेट, टप, डिकी, चार दारं, चार मडगार्ड. अकरा तुकडे. ते मोठ्यानं मोजत होते, जणू संपत आल्याचा आवाज कानाला हवा होता. हात दमला की खांदा गाडीला टेकवून घासत. घाम डोळ्यात गेला की सदऱ्याच्या बाहीनं पुसत. डावीकडच्या मागच्या दाराला त्यांनी मेणाचे दोन हात दिले. पुसलं, मागे सरकून बघितलं. हँडलखाली, जिथं ओरखडा सुरू होत होता, तिथं आता काहीच नव्हतं. स्वतःचं तोंड दिसलं, दमलेलं, पण स्वच्छ दिसलं. मास्तरांना रडू येईल असं वाटलं, म्हणून ते खोकले.

"शिंपीबुवा, आता बोल."

शिंप्यानं चष्मा कपाळावर चढवला. बराच वेळ बघितलं. "मास्तर, पट्ट्यापट्ट्याचं कापड काढलंय वाटतं यंदा?"

"जळतोस तू."

"मी कशाला जळू? मला एक सदरा काढून द्या त्यातला."

मास्तर हसले. दिवसभरात पहिल्यांदाच. तीन वाजून दहा मिनिटांनी ते टॉवेल घेऊन आंघोळीला गेले, आणि न्हाणीघरातून त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं.

वहिनी काठी टेकत अंगणात आल्या आणि गाडीसमोर उभ्या राहिल्या.

बॉनेटचा उजवा भाग आरशासारखा झाला होता. जांभळाची पानं त्यात मोजून घ्यावीत. डावीकडचा तिसरा हिस्सा पांढराच होता. वाळलेलं मेण तसंच, वरून खालपर्यंत, शिंप्यानं खडूनं आखून द्यावं अशी सरळ कड धरून. वहिनी पुढे गेल्या. उजवीकडचं मडगार्ड, तेच. दार, तेच. मागे डिकी. कुठल्याही तुकड्यासमोर उभं राहिलं की उजवीकडे चकचकाट आणि डावीकडे पांढरी पट्टी. अकरा तुकडे, अकरा पट्ट्या.

ताट फिरवता येतं. गाडी कशी फिरवणार?

त्यांनी चौकटीवर वाळत टाकलेलं मऊ फडकं घेतलं. बॉनेटवर वाकल्या तेव्हा गुडघ्यातून कळ गेली. ती त्यांनी दातांत धरली आणि पुसायला सुरुवात केली. बॉनेट झालं. मडगार्ड झालं. टपापर्यंत हात पुरेना तेव्हा काठीच्या टोकाला फडकं बांधून तो पुसला.

शिंपी मशीन सोडून फाटकापर्यंत आला. आता त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. "वहिनी, द्या इकडं. मी करतो."

"नको भावजी. तुम्ही शिवा."

"मला वाटलं, वाळायला ठेवलंय. गमतीनं बोललो मी."

"गमतीचंच आहे," वहिनी म्हणाल्या आणि डिकीकडे वळल्या.

न्हाणीघरात पाणी पडायचं थांबलं होतं. दाढीच्या डब्याचं झाकण वाजलं. दहा पट्ट्या गेल्या होत्या. अकरावी डावीकडच्या मागच्या दाराची. वहिनींनी फडकं टेकवलं, एकदाच ओढलं, आणि हात तिथंच थांबला.

मेणाखाली हिरवं होतं. वीतभर. मास्तरांनी उजवीकडचा ओरखडा चार दिवस घासून नाहीसा केला होता आणि डावीकडची वीत त्यांच्यापुरती कधी नव्हतीच.

त्या वाटेवर हिरवं काय काय आहे, हे वहिनींनाही पाठ होतं. तीन महिने त्याच तर सगळं मोठ्यानं वाचत आल्या होत्या. टँकर सकाळीच येऊन जातो. वखारीचं फाटक रस्त्यापासून आत आहे. बसथांब्याचं बाकडं गेल्याच महिन्यात पिवळं रंगवलं. आणि मंगळवारी मास्तर मलम आणायला गेले ते शाळा सुटायच्या वेळेला.

वहिनी फडकं घेऊन थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. डब्यात तळाशी कंपाउंड अजून होतं, बोटभर. हात चालवला असता तर पंधरा मिनिटांचं काम. त्यांनी डब्याकडे बघितलं. मग फडक्याची घडी घातली, डब्याचं झाकण लावलं, ती अकरावी पट्टी होती तशी ठेवली आणि चहा टाकायला आत गेल्या.

चार वाजून दहा मिनिटांनी लेक फाटकातून आत आली. खांद्याला एकच पिशवी. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर उभे होते. त्यांच्या डाव्या कानाखाली साबणाचा फेस राहिला होता. वहिनींनी जाता जाता तो पदरानं टिपला, रोजच्यासारखा.

"ये पोरी. आधी पाणी पिणार की आधी तपासणी?"

"बाबा."

"नाही, तू तपास. मला काही वाटत नाही. परीक्षकानं परीक्षकासारखं वागावं."

लेकीनं पिशवी पायरीवर ठेवली. गाडीकडे बघून ती थबकली. "केवढी चकचकीत केलीय हो. माझी पण अशी करून द्या की."

"घेऊन ये. बसनं कशाला आलीस?"

ती गाडीजवळ गेली. बॉनेटवरून हात फिरवला. पुढचा बंपर बघितला, उजवी बाजू बघितली, मागे गेली. तिच्या खांद्यांवरचा ताण प्रत्येक दारागणिक उतरत होता, आणि मास्तर ते ओट्यावरून मोजत होते. आपली पोर आपण पास व्हावं म्हणून प्रार्थना करतेय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते पायऱ्या उतरून तिच्याजवळ गेले.

डावीकडच्या मागच्या दारापाशी ती उभी राहिली.

"बाबा, हे एवढं पुसायचं राहिलं."

"कुठं?"

"हे इथं, दाराला."

"कुठं गं?"

मास्तर दाराकडेच बघत होते. अगदी नीट, डोळे बारीक करून, दाराच्या उजव्या कडेकडे. लेकीनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग आईकडे. वहिनींच्या हातात चहाचा ट्रे होता आणि त्या कपांकडे बघत होत्या.

लेकीनं हळूच वडिलांचं बोट धरलं. वीस वर्षांपूर्वी गिअरवर तिचा हात धरून पहिला कुठं, दुसरा कुठं, ते ह्याच हातानं दाखवलं होतं. तिनं ते बोट पट्टीवर टेकवलं आणि खाली ओढलं. पांढरी पूड निघाली. त्याखालून हिरवं आलं.

मास्तरांनी मान पूर्ण वळवली. बोट डोळ्यांसमोर धरलं. त्यावरची पूड बराच वेळ बघितली.

"बसथांब्याचं बाकडं," ते म्हणाले. "मंगळवारी जरा जवळून गेली असेल. बाकड्याला लागलं."

समोरचं मशीन थांबलं होतं.

"बाकडं पिवळं आहे हो आता," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी ट्रे ओट्यावर ठेवला. कप एकमेकांना लागून वाजले.

मास्तरांनी मनातले उरलेले तिघं पुन्हा समोर उभे केले असावेत. त्यांचे ओठ हलले. टँकरला काढून टाकलं, फाटकाला काढून टाकलं. मग त्यांनी बायकोकडे बघितलं, पहिल्यांदाच चोरासारखं.

"मंगळवारी शाळा होती का?"

"होती."

"कोणाला लागलं असतं तर..."

"एव्हाना कळलं असतं," वहिनी म्हणाल्या. "चार दिवस झाले. मी विचारून घेईन."

"हो. कळलं असतं." मास्तरांनी मान हलवली, आणि हलवतच राहिले. मग खिशातून किल्ली काढली. किल्लीला अजून ड्रायव्हिंग स्कूलची पितळी पट्टी होती, अक्षरं झिजून गेलेली. ती त्यांनी लेकीच्या हातात दिली नाही. गाडीच्या टपावर ठेवली, जिथून ती कोणालाही घेता येईल.

"शाळेकडून एक चक्कर मारून येऊ," ते म्हणाले. "तो कठडा बघायचा आहे मला. तू चालव."

लेकीनं किल्ली उचलली. ती उजवीकडून चालकाच्या जागी बसली. मास्तर डावीकडून आले, पुढचं दार उघडलं, आणि शिकवणं सुटल्यापासून पहिल्यांदा आपल्या गाडीत त्या बाजूला बसले. तिथं वहिनींची गुडघ्याखाली घ्यायची छोटी उशी होती. ती त्यांनी उचलून मांडीवर घेतली.

"आरसा बघ," ते म्हणाले.

"बघितला."

"तो नाही. डावा. नवा बसवलाय. किती वेळा सांगितलंय, डावं सोडलं की..." ते थांबले. समोर बघत म्हणाले, "चल."

लेकीनं गाडी सुरू केली, पण गिअर टाकला नाही. ती वडिलांच्या पलीकडे बघत होती. मास्तर उशीवर हात ठेवून, ताठ बसून, गाडी निघायची वाट बघत होते.

त्यांच्या बाजूचं दार उघडंच होतं.

वहिनी पायऱ्या उतरल्या, काठी टेकत गाडीजवळ आल्या, आणि त्यांनी ते बाहेरून लावलं.